समुद्रावरची पंगत

श्रोतेहो, आम्हा कोकणातल्या माणसांना 'बोट' म्हटलं की आधी आठवते ती मुंबईहून सुटणारी आणि प्रत्येक बंदरात थांबत जाणारी कोकणची बोट. डेकवर चटई पसरायची, पेटी-वळकटी ठेवून जागा अडवायची आणि भूक लागली की फडकं सोडायचं. फडक्यात तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि एखादा कांदा. कपड्यांचं म्हणाल, तर पडावातून बोटीत चढताना जे भिजायचे, ते मुंबईला पोचेपर्यंत अंगावरच सुकायचे. बोटीवर जेवायला कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांत कुणाला पडला नव्हता.

तो प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला. माझा मेहुणा बर्मिंगहॅमला असतो. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, म्हणून त्याने आम्हा दोघांना सात रात्रींची सफर भेट दिली. इंग्लंडच्या साउदम्प्टन बंदरातून निघायचं, नॉर्वेचे फियॉर्ड, म्हणजे डोंगरात खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्या पाहायच्या आणि परत यायचं. तिकिटासोबत कागदांचा एक गठ्ठा आला. त्यात दोन पानं फक्त जेवणाची होती आणि एक पान जेवताना घालायच्या कपड्यांचं. माझी बायको म्हणाली, "फियॉर्डवर अर्धं पान आणि जेवणावर तीन? मग ही माणसं नक्की कशाला चाललीत?"

तिची शंका अगदी रास्त होती. अशा बोटीवर दिवसभर बंदरं पाहायची असतात हे खरं, पण संध्याकाळ झाली की सगळी बोट एकाच विषयाभोवती फिरू लागते. आज कुठे जेवायचं आणि काय घालून? परत आल्यावर ओळखीच्या मंडळींनीही मला हेच दोन प्रश्न सर्वांत जास्त विचारले. तेव्हा आज त्याविषयीच बोलावं म्हणतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून आधी व्यवस्था सांगतो. मोठ्या प्रवासी बोटीवर जेवायच्या साधारण तीन तऱ्हा असतात. एक म्हणजे बुफे. ताट घ्या, हवं ते वाढून घ्या, जागा मिळेल तिथे बसा. दुसरं मुख्य भोजनगृह. तिथे पांढऱ्या चादरीची टेबलं असतात, वाढपी असतात आणि रोज नवं मेन्यूकार्ड असतं. या दोन्हींचे पैसे तिकिटात आलेले असतात. तिसरी तऱ्हा म्हणजे ज्यांना 'स्पेशालिटी रेस्टॉरंट' म्हणतात ती छोटी उपाहारगृहं. कुठे इटालियन, कुठे जपानी, कुठे नुसते मासे, कुठे भाजलेलं मांस. तिथे टेबल आधी राखून ठेवावं लागतं आणि वेगळे पैसे मोजावे लागतात. इंग्रज बोटींवर ते माणशी पंधरा-वीस पौंडांपासून पन्नासच्या पुढेपर्यंत जातात.

तिकिटात जेवण असताना वेगळे पैसे देऊन जेवायची ही कल्पना आजकालची नाही. १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर रिट्झच्या नावाचं एक उपाहारगृह निघालं. प्रसिद्ध हॉटेलवाले सेझार रिट्झ यांच्या देखरेखीखालचं. तोपर्यंत बोटीवर घंटा झाली की सगळ्यांनी एकाच वेळी, जे समोर येईल ते जेवायचं अशी रीत होती. इथे मात्र हवं तेव्हा जावं, कार्ड पाहून हवं ते मागवावं आणि त्याचं बिल द्यावं. श्रीमंतांना ते इतकं आवडलं की इतर कंपन्यांनीही तसंच केलं. बुडालेल्या 'टायटॅनिक'वरही पहिल्या वर्गासाठी असं उपाहारगृह होतं. त्याविषयी मी पुढे सांगणार आहे.

पुढे शंभरेक वर्षांनी, २००० साली, 'नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या कंपनीने ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सक्तीचे औपचारिक कपडे, या सगळ्यालाच फाटा दिला. बोटीवर बरीच उपाहारगृहं ठेवली आणि प्रवाशांना सांगितलं, वाटेल तिथे, वाटेल तेव्हा जेवा. दुसऱ्या टोकाला २००४ साली सेवेत आलेली 'क्वीन मेरी २' आहे. तुम्ही कुठल्या दराची खोली घेतली, यावर तिथे आजही तुमचं भोजनगृह ठरतं आणि संध्याकाळी सहानंतर पोशाखाचे नियम लागू होतात. या दोन टोकांच्या मध्ये बाकीच्या बोटी. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी आपली बोट कुठल्या टोकाकडे झुकते ते पाहून घ्यावं.

आता निवड कशी करायची? आमच्यापुढे पहिली अट हलालची. हिंदू शाकाहारी मंडळींची किंवा जैन मंडळींची अडचण वेगळी, पण उपाय एकच. निघण्यापूर्वी काही आठवडे कंपनीला लेखी कळवायचं. बोटीचा शिधा बंदरातून भरलेला असतो, भर समुद्रात वाणी नसतो. आम्ही कळवलं होतं. मुख्य भोजनगृहाचा प्रमुख रोज रात्री जेवण आटोपलं की दुसऱ्या दिवसाचं कार्ड घेऊन यायचा. यातलं काय चालेल त्यावर आम्ही खूण करायची आणि त्याने ते स्वयंपाकघराला सांगायचं. सॉसमध्ये वाइन आहे का, हे विचारायची लाज बाळगू नये. तिथे कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध चालत नाही, कुणाला गहू. आपला प्रश्न त्यांना नवा नसतो.

मुख्य भोजनगृहात ही सोय नीट झाली, की वेगळे पैसे देऊन कुठे जायचं हे शांतपणे ठरवता येतं. माझं मत असं, की पहिल्या दोन रात्री तिकिटातलंच जेवावं. जीभ आणि पोट बोटीला सरावू द्यावं. मग जे मुख्य भोजनगृहात मिळत नाही, तेवढ्यासाठीच बाहेर जावं. तिथे रोजच कोंबडी मिळत असेल, तर कोंबडीसाठी पौंड कशाला मोजायचे? काही बोटींवर हीच उपाहारगृहं दुपारी कमी पैशांत जेवू घालतात. बंदराच्या दिवशी मंडळी दमून परततात, तेव्हा टेबलही सहज मिळतं. आम्ही सात रात्रींत एकदाच गेलो, माशांच्या उपाहारगृहात. हलालचा प्रश्न नाही, आणि कोकणी माणसाला आणखी काय हवं?

आता कपडे. सात रात्रींच्या सफरीत इंग्रज बोटींवर साधारण दोन रात्री 'फॉर्मल' असतात. बाकीच्या रात्री नीटनेटके कपडे पुरतात, म्हणजे कॉलरचा सदरा, पँट आणि बूट. पहिल्या रात्री सहसा कुणी फार सजत नाही. त्याचं कारण व्यावहारिक आहे. सगळ्यांच्या बॅगा अजून खोल्यांत पोचलेल्या नसतात. औपचारिक रात्र बहुधा अशा दिवशी ठेवतात, जेव्हा बोट दिवसभर समुद्रात असते आणि सजायला वेळ असतो. ज्यांना हे सगळं नको असेल, त्यांनी त्या रात्री बुफेत जावं. तिथे कुणी अडवत नाही. आणखी एक गोष्ट. खोलीत इस्त्री वापरायला बंदी असते. बोटीवर आगीसारखं दुसरं भय नाही. काही बोटींवर कपडे धुण्याच्या खोलीत इस्त्री ठेवलेली असते, तिथे रांग लावावी. म्हणून चुरगळणारं कापड नेऊच नये.

फॉर्मल म्हणजे पुरुषांनी काळा डिनर सूट आणि बो. अमेरिकन लोक त्यालाच टक्सिडो म्हणतात. न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. हा सूट मुळात घरगुती, आरामाचा पोशाख होता. त्याआधी रात्रीच्या जेवणाला लांब शेपटीचा कोट घालत. म्हणजे आज जो थाटाचा कळस वाटतो, तो कधीकाळी 'हल्ली मुलं कसेही कपडे घालून जेवायला येतात' अशा तक्रारीचा विषय असणार.

माझ्यापाशी सूट नव्हता आणि घ्यायचाही नव्हता. पण त्या पानाच्या तळाशी एक ओळ होती. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल. मुलीच्या लग्नात शिवलेली काळी शेरवानी मी बॅगेत घातली. बायकोने मोरपंखी रेशमी साडी घेतली. सोबत एक शालही घेतली, कारण भोजनगृहात गारवा फार असतो. साडी नेसणाऱ्या भगिनींना तिचा एक सल्ला सांगतो. बोट हलत असली की निऱ्या पायांत येतात, तेव्हा साडी बोटभर वर नेसावी आणि चप्पल सपाट असावी.

पहिल्या फॉर्मल रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर स्कॉटिश जोडपं होतं. गृहस्थ किल्ट घालून आले होते, म्हणजे तो चौकड्यांचा घोळदार झगा. ते माझ्या गुंड्या मोजत होते आणि मी त्यांच्या चुण्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "ही बटणं लावायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "तुमच्या चुण्यांना लागतो त्यापेक्षा कमी." मग आमची चांगली गट्टी जमली. आपण वेगळे दिसतो म्हणून अवघडायचं, की वेगळे दिसतो म्हणूनच बोलणं सुरू होऊ द्यायचं, हे बरंचसं आपल्यावर असतं. जूनचा महिना होता. त्या उत्तरेकडच्या समुद्रावर रात्री दहा वाजताही लख्ख उजेड. जेवून उठलो तरी मगरिबची वेळ झालेली नसायची. एवढ्या उजेडात मेणबत्त्या लावून जेवायचं म्हणजे हिला मोठं नवल वाटे.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा, मडगावजवळचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याशी कोंकणीत बोलू लागला. मला 'सर' म्हणायचा आणि हिला 'आंटी'. कार्ड आधी बाईच्या हातात द्यायचं, अशी तिकडची रीत. तो रोज कार्ड हिच्यापुढे धरायचा. ही ते उलटंपालटं करायची आणि माझ्याकडे बोट दाखवायची. "ह्यांना जे, तेच मला." तीन रात्री हेच उत्तर. आमच्या गावाकडे वाढणारी बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि जे उरेल ते जेवते. 'तुला काय हवं' हा प्रश्न तिला लग्नात साडी घेताना विचारला जातो, जेवताना नाही. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसल्याने तीस वर्षांची सवय तीन दिवसांत कशी सुटणार?

एका रात्री मी त्या मुलाला विचारलं, "तू कधी जेवतोस?" म्हणाला, "तुमचं आटोपलं की. खाली आमची मेस आहे." "आणि काय असतं?" तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "शीत-कढी, सर. गोंयचे खूप जण आहेत खाली. आज बांगडे आहेत." हिने चटकन विचारलं, "आम्हाला नाही का मिळायचे?" तो हसला. "आंटी, तुम्ही पॅसेंजर."

तो सहज बोलून गेला, पण मला माझे आजोबा आठवले. दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. आजोबा एका इंग्रज कंपनीच्या बोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे हिंदी खलाशांचा स्वयंपाकी. त्या काळच्या इंग्रज बोटींवर हजारो हिंदी माणसं राबत. रत्नागिरीचे आणि गुजरातचे खलाशी डेकवर, पंजाबकडचे आणि पठाण मंडळी भट्ट्यांपाशी, आणि गोव्याचे ख्रिस्ती वाढपी नि स्वयंपाकी वरच्या भोजनगृहात. त्यांचे करार गोऱ्या खलाशांहून वेगळे, पगार त्यांच्या मानाने फार थोडा, आणि रोजचा शिधा किती द्यायचा हेही करारात लिहिलेलं. तांदूळ इतका, डाळ इतकी, तूप इतकं. धर्म आणि काम यांप्रमाणे खालची स्वयंपाकघरंही वेगवेगळी असत. आज बोटीवर पाच-सहा तऱ्हेची उपाहारगृहं आहेत म्हणून आपण कौतुक करतो. पण वेगवेगळ्या चुली खाली तेव्हाही पेटत होत्या. त्यांना कुणी 'स्पेशालिटी' म्हणत नव्हतं, इतकंच.

आजोबांनी टिलबरीचं बंदर पाहिलं, एडन पाहिलं, सुएझ पाहिलं. ज्या बोटीवर त्यांनी इतकी वर्षं काढली, तिचं पहिल्या वर्गाचं भोजनगृह मात्र कधी पाहिलं नाही. वरचे दिवे कसे असतात, ते त्यांना गोव्याचे वाढपी सांगत. आजोबा तेच आम्हाला सांगत, आणि इतकं बारकाईने सांगत, की लहानपणी मला वाटे, ते रोज तिथेच जेवायचे.

इतिहास मोठा गमतीचा असतो बघा. ज्यांच्या बोटींवर पूर्वी गोव्याची आणि कोकणची माणसं मोठ्या संख्येने काम करत, त्यांत 'पी अँड ओ' ही कंपनी होती. तिच्या २०१० सालच्या 'अझुरा' या बोटीवर 'सिंधू' नावाचं भारतीय पद्धतीचं उपाहारगृह निघालं. तिथे जेवायला वेगळे पैसे द्यावे लागतात आणि नीटनेटके कपडे करून जावं लागतं. खालची फोडणी वर यायला इतकी वर्षं लागली, आणि वर आली ती जादा आकाराची होऊन आली.

आता 'टायटॅनिक'विषयी सांगतो. आमच्यासारखीच तीही साउदम्प्टनहून निघाली होती, १० एप्रिल १९१२ रोजी. तिच्यावरचं ते पैसे घेऊन जेवू घालणारं उपाहारगृह लुइजी गॅटी नावाचा इटालियन गृहस्थ ठेक्याने चालवत असे. त्याचे साठाहून अधिक नोकर होते, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. ती माणसं धड बोटीच्या कंपनीची नोकर नव्हती आणि प्रवासीही नव्हती. बोट बुडाली तेव्हा स्वतः गॅटी आणि त्याचे जवळजवळ सगळे नोकर गेले. वाचले फक्त तिघे. दोन हिशेब ठेवणाऱ्या स्त्रिया आणि पॉल मोझे नावाचा, मुख्य आचाऱ्याचा कारकून.

या मोझेने त्याच वर्षी इंग्लंडमधल्या चौकशीत साक्ष दिली. त्याने सांगितलं, की उपाहारगृहाच्या नोकरांना स्टुअर्ड वरच्या डेकवर जाऊ देत नव्हते. तो आणि त्याचा आचारी मात्र जाऊ शकले. का? तर दोघांच्या अंगावर कामाचे कपडे नव्हते, साधे प्रवाशांसारखे कपडे होते. त्यामुळेच आपल्याला सोडलं असावं, असं त्याने साक्षीत म्हटलं. वर पोचल्यावर खाली सोडल्या जात असलेल्या होडीत मोझेने उडी घेतली. आचाऱ्यालाही तो हाका मारत होता, पण आचाऱ्याच्याने ती उडी झाली नाही.

त्याच रात्री, त्याच बोटीवर बेंजामिन गुगेनहाइम हा अमेरिकन धनिक होता. त्याने आपले गरम कपडे उतरवून संध्याकाळचा उंची पोशाख चढवला, आणि सभ्य माणसासारखं मरायची आपली तयारी आहे असं सांगितलं. त्याची सेवा करणारा स्टुअर्ड वाचला, त्याने ही हकिकत जगाला सांगितली. गुगेनहाइमची गोष्ट सिनेमात आली, पुस्तकांत आली. मोझेची फारशी कुणाला ठाऊक नाही. मला मात्र दोन्ही शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. एकाने शोभेने मरण्यासाठी कपडे बदलले. दुसरा कपड्यांमुळे माणसांत मोजला गेला आणि जगला.

आपल्याकडे या गोष्टीला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक. बोट तर एकच असते, लाट आली तर सगळ्यांनाच हलवते. तरी तिच्यावर कोण कुठे बसणार, कोण उभं राहणार, हे कपड्यांवरून ठरतं. म्हणून बरेच विचारी लोक या नटण्याथटण्यावर चिडतात. म्हणतात, जेवायचंच ना, मग हे सोंग कशाला?

मला तसं पूर्ण पटत नाही. ईदच्या दिवशी गरिबातला गरीब माणूस धुतलेले कपडे घालतो, अत्तराचा बोळा कानात ठेवतो आणि मग शिरखुर्म्याला बसतो. दिवाळीच्या फराळाला अंघोळ करूनच बसायचं असतं. ते कुणाला दिपवण्यासाठी नसतं. कुणीतरी आपल्यासाठी पहाटेपासून चुलीपाशी बसलं आहे, त्याच्या कष्टांना दिलेला तो मान असतो. नीट कपडे करून जेवायला बसणं म्हणजे 'मी पाहुणा आहे, आणि तुमच्या हातचं मानाने खातो आहे', असं न बोलता सांगणं. हा अर्थ घेऊन शेरवानी घातली तर ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. शेजारच्याच्या सदऱ्याची किंमत करायला घातली, तर मात्र तीच शेरवानी पंक्तिप्रपंच करू लागते.

आणि पाहुणा होऊन बसणं हे काहींच्या वाट्याला येतच नाही. आजोबांच्या आलं नाही. चौथ्या दिवशी बोट बर्गेनला लागली. तिथे बंदरावरच मासळीबाजार आहे. इतर प्रवासी फोटो काढत होते आणि ही बर्फावरच्या माशांचे डोळे न् कल्ले बघत हिंडत होती. हॅलिबट नावाचा मासा पाहून म्हणाली, "ही तर आपली लेपीच. नुसती वाढलीय किती!" त्याच रात्री आमचं माशांच्या उपाहारगृहातलं टेबल राखलेलं होतं. ही मोरपंखी साडी नेसून आली. तिथल्या वाढप्याने कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने ते मिटून बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "याला विचारा, आजचा हॅलिबट ताजा आहे की बर्फातला? काट्यासकट भाजतात की काढून? आणि वर ती पांढरी आमटी ओतू नका म्हणावं, नुसतं लिंबू." मी इंग्रजीत सगळं विचारलं. वाढपी आत गेला आणि थोड्या वेळाने खुद्द आचारीच बाहेर आला. इतके नेमके प्रश्न कुणी विचारले, ते त्याला पाहायचं होतं. हिच्याशी तो हाताच्या खुणांनी पाच मिनिटं माशांवर बोलला. तो गेल्यावर मी विचारलं, "मग मलाही तेच सांगू?" ती म्हणाली, "तुम्हाला काय हवं ते तुम्ही बघा. मला हा."

त्या जेवणाचे दोघांचे मिळून जे पौंड पडले, त्यांतला एकही मला जड वाटला नाही.

श्रोतेहो, आता अशा सफरीसाठी साउदम्प्टनलाच जायला हवं असं नाही. २०२१च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'ची बोट मुंबईहून प्रवासी घेऊन निघू लागली. तिच्यावर जैन जेवणही मिळतं. तुमच्यापैकी कुणी निघत असेल, तर माझे चार शब्द सोबत न्या. सूट नसला तर तो शिवायला धावू नका, आपल्या पेटीतला चांगला पोशाख काढा. पथ्य आधी कळवा. पैसे देऊन एकदाच जेवायचं असेल, तर जे तुम्हाला मनापासून कळतं त्यासाठी जा. कार्ड घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि ते माणूस बोलेपर्यंत थांबा. दोन-तीन रात्री लागतील, लागू द्या. आणि वाढणाऱ्याला त्याचं गाव विचारा, तो कधी जेवणार तेही विचारा. त्याला आपल्या टेबलावर बसवणं आपल्या हातात नसतं. पण त्याची मेस बंद होण्याआधी वेळेवर उठणं तर असतं. आम्ही शेवटच्या रात्री थोडे लवकर उठलो. खाली त्या रात्रीही शीत-कढी होती.